वृद्धांची स्मृती आणि काचेची पाटी

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भेडाघाटाच्या पुढे भिटौनी नावाचे स्थानक लागते. त्या स्थानकाला लागून जे गाव आहे ते शहपुरा. याच नावाचे एक गाव डिंडोरी जिल्ह्यातही आहे. येथे अभिप्रेत आहे ते जबलपूर जिल्ह्यातील. नर्मदेच्या खोऱ्यातील हा भाग हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळ्यात तेथे वाटाण्याच्या शेंगा तोडण्याचे काम चालते, आणि त्या कामात म्हाताऱ्या माणसांचे हातही गुंतलेले असतात.

अशा गावातील एका घराची कल्पना वाचकांनी क्षणभर करावी. ओसरीत बाजेवर सत्तरी ओलांडलेली एक स्त्री बसली आहे. गल्लीतील सारे तिला ‘अम्मा’ म्हणतात. ती शाळेत कधी गेली नाही. घरी आशा दीदी आली आहे. तिच्या हाती पाटीएवढा सपाट संगणक आहे. त्याला आपण सर्व जण टॅब्लेट म्हणतो. “अम्मा, हे चित्र नीट पाहून घ्या. थोड्या वेळाने पुष्कळ चित्रे येतील, त्यांत हेच चित्र दिसले की त्याला बोट लावा,” असे दीदी सांगते. अम्मा चित्र ओळखते. परंतु बोट न लावता ती अंगठा काचेवर दाबून धरते आणि वाट पाहत राहते. तिच्या ओळखीचे असे एकच यंत्र आहे, ते रेशनच्या दुकानातले. आणि तेथे अंगठा दाबूनच धरावा लागतो. टॅब्लेटला असा दीर्घ दाब कळत नाही. वेळ निघून जातो. शेवटी पटलावर लाल अक्षरे उमटतात : स्मृती क्षीण असण्याचा संशय.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु तो असंभाव्य मुळीच नाही. वृद्धांच्या बुद्धीला लागलेली उतरती कळा लवकर ओळखण्यासाठी मोबाइल, टॅब्लेट व तत्सम अंकीय साधने वापरावीत, असा विचार आज जगभर चालू आहे, आणि आपल्या देशातही त्याचे प्रयोग होत आहेत. तो विचार त्याज्य आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. परंतु अम्माची परीक्षा घेण्यापूर्वी त्या यंत्राची परीक्षा अम्मासारख्या माणसांच्या घरी, त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या सवयींनिशी झाली पाहिजे, असे मात्र निश्चित मत आहे. ती झाली नसेल, तर काचेवर उमटलेला अंक हा स्मृतीचा अंक नव्हे. तो शाळेचा व सरावाचा अंक होय.

ज्या विकाराचा शोध घ्यावयाचा, त्याला वैद्यकाच्या भाषेत स्मृतिभ्रंश म्हणतात. नावात स्मृती असली तरी या विकारात केवळ विस्मरण होत नाही. हिशेब, वाट ओळखणे, शब्द सापडणे, कामाचा क्रम लावणे आणि वागण्यातील तारतम्य या सर्वांवर त्याचा हळूहळू परिणाम होतो व नित्याचे व्यवहार स्वतःच्या बळावर करणे अशक्य होऊ लागते. आपल्याकडे याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेण्याची रीत आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठीत आहे आणि शहपुऱ्याच्या हिंदीत ‘सठियाना’ हे क्रियापदच आहे. दोन्ही भाषांनी मिळून एका रोगाला वयाचा गुण ठरवून टाकले आहे. वास्तविक बहुसंख्य वृद्धांना हा विकार होत नाही.

मग तो किती जणांना होतो? मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिच्या नेतृत्वाखाली 2017–18 साली भारतातील वार्धक्याचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला व त्यात पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती गोळा करण्यात आली. त्याचीच एक शाखा म्हणून, दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सहकार्याने, साठ वर्षांवरील चार हजारांहून अधिक लोकांची बुद्धिविषयक तपासणी झाली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार साठीपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे 7.4 टक्के असून अशा रुग्णांची संख्या सुमारे अठ्ठ्याऐंशी लाख भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले.

त्या अभ्यासात अंकीय साधनांचा उपयोग कसा झाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. संगणक तेथे न्यायाधीश नव्हता. प्रशिक्षित माणसांनी वृद्धाशी समोरासमोर बसून प्रश्नोत्तरे केली व घरच्या एका जाणत्या माणसालाही स्वतंत्रपणे विचारले. ही सारी माहिती इंटरनेटच्या साह्याने निरनिराळ्या शहरांतील तज्ज्ञ डॉक्टरांपुढे ठेवण्यात आली. त्यांनी आपापले मत स्वतंत्रपणे नोंदविले आणि जेथे मतभेद झाला तेथे दूरस्थ चर्चेने निर्णय केला. याप्रमाणे अडीच हजारांहून अधिक व्यक्तींविषयी निर्णय झाले. यंत्राने येथे टपालवाल्याचे व सभागृहाचे काम केले आणि ते उत्तम केले.

आता ज्या साधनांकडून निर्णयाचीच अपेक्षा केली जाते, त्यांच्याकडे वळू. त्यांची करामत लहान नाही. केंब्रिज येथे गेल्या शतकाच्या नवव्या दशकातच स्पर्शपटलावरील स्मृतिपरीक्षांचा एक संच तयार झाला होता. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी हृदयरोगाचा जो सुप्रसिद्ध अभ्यास 1948 पासून चालू आहे, तेथे 2011 पासून घड्याळाचे चित्र काढण्याच्या जुन्या परीक्षेत एक नवे लेखणीयंत्र वापरण्यात येऊ लागले. त्या लेखणीच्या टोकाशी सूक्ष्म कॅमेरा असतो. चित्र पुरे झाल्यावर ते कसे दिसते एवढेच नव्हे, तर काढताना हात कोठे थबकला, कोणता अंक आधी लिहिला आणि दोन काटे काढताना मध्ये किती वेळ विचारात गेला, हेही त्यायोगे समजते. आपल्या देशात कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात श्रीनिवासपूर तालुक्यातील खेडुतांचा दीर्घकालीन अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मेंदू संशोधन केंद्राने हाती घेतला असून, त्यात मूळच्या फ्रान्समधील एका संगणकीय परीक्षासंचाचे भारतीय रूप वापरले जाते. एखादा कुशल डॉक्टर शंभर रुग्ण पाहील तेवढ्या वेळात असे यंत्र सहस्रावधी लोकांपर्यंत पोहोचू शकते. ते थकत नाही, आणि सकाळच्या व सायंकाळच्या रुग्णाला एकच मोजमाप लावते. मेंदूविकारांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच असतात हे लक्षात घेता, शहपुऱ्यासारख्या गावांना या साधनांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु एकच मोजमाप सर्वांना लावणे म्हणजे न्याय करणे नव्हे. याचा धडा आपल्याला कागद-पेन्सिलीच्या काळातच मिळालेला आहे, आणि तो विसरला जाण्याची भीती वाटते म्हणून थोड्या विस्ताराने सांगतो.

1975 साली अमेरिकेत मार्शल फोल्स्टीन, सुझान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी तीस गुणांची एक छोटी परीक्षा प्रसिद्ध केली. ती दहा मिनिटांत होते. आज तारीख कोणती, आपण कोठे आहोत, तीन शब्द ऐकून थोड्या वेळाने पुन्हा सांगा, असे तिचे स्वरूप आहे. ती जगभर पसरली. चोविसाहून कमी गुण पडल्यास संशय घ्यावा, असा प्रघातही पडला. आता या तीस गुणांतील काही प्रश्न पाहा. शंभरातून सात वजा करीत जा, किंवा पाच अक्षरी इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगा : याला पाच गुण. कागदावर लिहिलेली ‘डोळे मिटा’ ही आज्ञा वाचून तसे करा : एक गुण. एक वाक्य लिहून दाखवा : एक गुण. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून तसेच काढा : एक गुण. ही बेरीज आठ होते. जिने पाटी-पेन्सिल कधी हाती धरली नाही, अशी अम्मा उरलेल्या साऱ्या प्रश्नांची अचूक उत्तरे देऊनही बावीस गुणांवर थांबेल. चोविसाची रेषा तिने ओलांडणे शक्यच नाही. तिचा मेंदू रोगी ठरला, तो तिच्या बालपणी गावात मुलींची शाळा नव्हती म्हणून.

हे ध्यानात घेऊन मेरी गांगुली आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी हरियाणातील बल्लभगढ भागातील खेड्यांत जाऊन त्या परीक्षेचे हिंदी रूप घडविले. 1995 साली ते प्रसिद्ध झाले. शब्दाला शब्द ठेवणारे भाषांतर करण्याचा मोह त्यांनी टाळला, हे त्या कामाचे खरे वैशिष्ट्य. आज्ञा वाचावयाची नाही. परीक्षक स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसे करा’ असे सांगतो. वाक्य लिहावयाचे नाही; आपल्या घराविषयी काहीतरी बोलावयाचे. अक्षरे उलटी म्हणण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणावयाचे. प्रश्नाचे बाह्य रूप बदलले, पण ज्या शक्तीची परीक्षा करावयाची ती शक्ती तीच राहिली. असा बदल करण्यासाठी खेड्यातील निरोगी वृद्धांना कोणता प्रश्न का अडतो, हे तेथे बसून पाहावे लागते. टेबलाशी बसून ते साधत नाही. टॅब्लेटवर परीक्षा तयार करणाऱ्या किती मंडळींनी असे केले आहे, हा प्रश्न आपण त्यांना विचारला पाहिजे. चित्रे बदलून इंग्रजी सूचनांच्या जागी हिंदी सूचना घातल्या म्हणजे यंत्र भारतीय झाले, असा समज सोयीचा असला तरी खरा नाही.

मापदंड बदलला की रोगाचे प्रमाणही कसे बदलते, याचे याहून ठळक उदाहरण आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी दोनतृतीयांश किंवा अधिक लोक विकसनशील देशांत राहतात आणि संशोधनाचा दशांशही त्यांच्या वाट्याला येत नाही, या विषमतेवरून ‘10/66’ हे नाव धारण करणारा एक आंतरराष्ट्रीय संशोधकगट स्थापन झाला. भारत, चीन व लॅटिन अमेरिकेतील अनेक ठिकाणी त्याने पासष्ट वर्षांवरील लोकांची घरोघर पाहणी केली. त्यांत भारतातील ग्रामीण व नागरी अशी दोन्ही क्षेत्रे होती. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या प्रचलित व्याख्येनुसार, ग्रामीण भारतातील प्रमाण अवघे 0.3 टक्के निघाले. क्यूबात ते 6.3 टक्के होते. आपली खेडी सुखी आहेत, असा निष्कर्ष कोणी काढला असता तर तो घाईचा ठरला असता. कारण निरनिराळ्या संस्कृतींत पारखून घेतलेली स्वतःची पद्धती त्याच लोकांना लावली, तेव्हा कोणत्याही ठिकाणी प्रमाण 5.6 टक्क्यांखाली आले नाही. माणसे तीच होती आणि वर्षही तेच होते. बदलली होती ती फक्त मोजपट्टी.

पहिल्या मोजपट्टीत हे रुग्ण का सुटले, याचे स्पष्टीकरण मार्मिक आहे. त्या व्याख्येनुसार रोग्याच्या दैनंदिन व्यवहारात बिघाड झाल्याचे दिसले पाहिजे, आणि तो बिघाड घरच्यांनी सांगितला पाहिजे. आपल्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसाकडून व्यवहाराची अपेक्षाच फार थोडी असते. सून रांधते, मुलगा बाजार करतो, नातू औषध आणतो. मग बिघाड दिसणार कोठे? गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेल्या व 2001 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची असली तरी ती रोगाची न मानता वयाची मानली जातात, असेच आढळले. याचा अर्थ असा की घरच्यांना विचारणे हाही रामबाण उपाय नाही. यंत्राच्या कैवाऱ्यांचा हा मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो. माणसाची साक्ष प्रेमाने, लाजेने किंवा सवयीने आंधळी होऊ शकते, आणि तेथे यंत्राची तटस्थ साक्ष उपयोगी पडेल. दोन्ही साक्षी घ्याव्यात. हरकत आहे ती एकट्या यंत्राच्या साक्षीवर निकाल देण्याला.

आता ही साक्ष घेताना काय काय आड येते, ते पाहू. सर्वांत प्रथम खुद्द बोट. आजच्या स्पर्शपटलाच्या काचेखाली विद्युद्वाहक द्रव्याचा पारदर्शक पातळ थर असतो. बोट हेही विजेचे वाहक असल्याने ते टेकताच तेथील विद्युत्भारात किंचित बदल होतो व त्यावरून स्पर्शाचे स्थान यंत्राला समजते. तेव्हा यंत्र दाबाची नोंद घेत नसून त्वचेच्या वाहकतेची घेत असते. म्हातारपणी कातडी कोरडी होते. आणि ज्या बोटांनी आयुष्यभर विळा धरला, शेंगा तोडल्या, भांडी राखेने घासली, त्यांवर घट्टे पडलेले असतात. अशा बोटाचा स्पर्श काचेला पुष्कळदा कळतच नाही. शिवाय स्पर्श झाल्यापासून यंत्राने तो टिपेपर्यंत सेकंदाच्या शतांश भागात मोजावा लागेल असा विलंब होतो, आणि स्वस्त व महाग यंत्रांत तो सारखा नसतो. ज्या परीक्षेत उत्तर देण्याचा वेगच गुण ठरवितो, तेथे अम्माचा मेंदू मंद की टॅब्लेट जुने, हे कोण सांगणार?

त्यानंतर डोळे व कान. मोतीबिंदू पिकलेल्या डोळ्याला लहान चित्र दिसत नाही, आणि कमी ऐकू येणारा माणूस न ऐकलेला शब्द कसा आठवणार? वैद्यकातील ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने 2024 साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या चौदा कारणांची यादी दिली. तीत अल्पशिक्षण, बहिरेपणा आणि उपचार न झालेले दृष्टिदोष या तिहींचा समावेश आहे. तेव्हा चष्मा आणि श्रवणयंत्र ही परीक्षेची पूर्वतयारी तर आहेतच, पण स्वतःच्या अधिकारात प्रतिबंधक उपायही आहेत. ज्या गावी टॅब्लेट जाते त्या गावी त्याच दिवशी चष्म्याचा नंबर काढणारा माणूस गेला, तर दोहोंपैकी अधिक उपकार कोण करील, याविषयी माझ्या मनात संशय नाही.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. शहपुऱ्याच्या वृद्धांची घरातील बोली बुंदेली वळणाची आहे. यंत्रातून बोलणारा आवाज मात्र आकाशवाणीच्या हिंदीत बोलतो. जबलपूर परिसरावर 1798 ते 1817 या काळात नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. त्या काळापासून आणि पुढे मध्यप्रांताच्या दिवसांत तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्या घरांतील आजीबाई देवघरात मराठी, दारात भाजीवाल्याशी हिंदी आणि हिशेबाच्या वेळी जी पहिली सुचेल ती भाषा बोलतात. अशा बाईची परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या प्रयत्नातून सिद्ध झालेला व 2020 साली प्रसिद्ध झालेला परीक्षासंच भारतीय भाषांतील अशा कामाचा उत्तम नमुना आहे; तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मलयाळम या पाच भाषांसाठी पारखून घेण्यात आला. त्या पाचांत मराठी नव्हती. कोट्यवधी लोकांच्या या भाषेची उणीव मराठी विद्यापीठांना व वैद्यकीय महाविद्यालयांना बोचली पाहिजे. (जाता जाता : हैदराबादच्या एका रुग्णालयातील सहाशेहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून सुवर्णा अल्लाडी व सहकाऱ्यांनी 2013 साली असे दाखविले की दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत रोगाची सुरुवात सरासरीने साडेचार वर्षे उशिरा झाली होती, आणि निरक्षर लोकांतही हा फरक दिसून आला. शाळेत न गेलेला मेंदू रिकामा असतो, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.)

समजा, या सर्व अडचणी दूर झाल्या. एक चांगले यंत्र हाती आले. ते शंभर रोग्यांपैकी ऐंशी अचूक पकडते आणि शंभर निरोग्यांपैकी ऐंशींना अचूक सोडते, असे धरू. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. असे यंत्र साठीपुढील एक हजार लोकांना लावले, आणि त्यांत 7.4 टक्क्यांप्रमाणे 74 रोगी असले, तर त्यांतील सुमारे 59 सापडतील. उरलेल्या 926 निरोगी माणसांपैकी वीस टक्के, म्हणजे सुमारे 185, यांच्यावरही संशयाचा शिक्का बसेल. एकूण 244 जणांपुढे लाल अक्षरे उमटली. त्यांत खरे रोगी चौघांत एक. यंत्र ऐंशी टक्के अचूक असताना त्याने उच्चारलेला संशय चारांत तीन वेळा खोटा ठरतो, हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. परंतु यात चूक काही नाही. निरोगी लोक फार अधिक असल्यामुळे हे अपरिहार्यपणे घडते. शाळेतील विद्यार्थ्यांनी हा हिशेब निरनिराळे आकडे घेऊन अवश्य करून पाहावा. याच स्वरूपाच्या शंकांमुळे अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने 2020 साली, कोणतीही लक्षणे नसलेल्या वृद्धांची सरसकट तपासणी करावी की करू नये हे ठरविण्यास पुरेसा पुरावा नाही, असा अभिप्राय दिला.

खोट्या संशयाची किंमत कोण देतो, हेही पाहिले पाहिजे. अम्माच्या नावावर दोन एकर जमीन आहे असे धरा. ‘म्हातारीची बुद्धी गेली आहे, सरकारी यंत्रानेच तसे लिहून दिले आहे’, हे वाक्य भाऊबंदकीत कोणत्या कामास येईल, हे खेड्यात राहणाऱ्यांना समजावून सांगावयास नको. प्राथमिक तपासणीचा निकाल म्हणजे निदान नव्हे, ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक असते. तलाठ्याच्या चावडीवर मात्र ती कोणी विचारीत नाही. म्हणून असा निकाल आशा दीदीने घरात सर्वांसमक्ष वाचून दाखवू नये, आणि तो कोणाच्या हाती पडेल हे आधी ठरलेले असावे.

दुसऱ्या बाजूला, खऱ्या संशयाचा लाभही खराच असतो. ब-12 जीवनसत्त्वाची उणीव, अवटू ग्रंथीची मंदता, खिन्नतेचा विकार, काही औषधांचा दुष्परिणाम, डोक्याला मार लागून आत साचलेले रक्त, या सर्वांमुळे स्मृतिभ्रंशासारखी लक्षणे दिसतात, आणि यांवर उपचार आहेत. अशा एखाद्या माणसाला ‘वय झाले’ म्हणून बाजेवर सोडून देणे हा मोठा अन्याय होय. म्हणूनच तपासणीच नको, हा पक्षही मला मान्य नाही.

मग प्रारंभ कोठून करावा? शासनाच्या आरोग्य योजनेत आशा कार्यकर्ती तिशीपुढील प्रत्येकाविषयी जो तपासणी-नमुना भरते, त्याच्या सुधारित रूपात साठीपुढील लोकांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. त्यांत एक प्रश्न आहे : आपण जवळच्या माणसांची नावे किंवा आपल्या घराचा पत्ता विसरता काय? एवढा एक प्रश्न देशभर विचारला जावा, ही मोठी प्रगती आहे. तथापि जवळच्यांची नावे विसरण्याची पाळी येते तोवर रोग बराच पुढे गेलेला असतो, आणि ज्याला विस्मरण झाले आहे त्यालाच विस्मरणाविषयी विचारण्यातील विसंगतीही उघड आहे. या प्रश्नाला आणखी चार-पाच प्रश्नांची जोड द्यावी, आणि ते घरातील माणसाला विचारावेत. म्हातारीकडून फारशी अपेक्षाच नसलेल्या घरात ‘कामे करता येतात का’ असे विचारून भागणार नाही. प्रश्न तुलनेचा हवा : गेल्या वर्षी सहज करीत होती आणि आता अडते, असे काय? उत्तर संशयास्पद वाटले, तरच टॅब्लेट पिशवीतून बाहेर काढावे.

आणि टॅब्लेटनेही तुलनाच करावी. यंत्राचे खरे बळ त्याच्या न चुकणाऱ्या नोंदीत आहे. अम्माची तुलना केंब्रिजच्या पेन्शनराशी किंवा जबलपूरच्या निवृत्त प्राध्यापकाशी न करता गेल्या वर्षीच्या अम्माशी केली, तर शाळा, बोली, घट्टे पडलेली बोटे हे सारे दोन्ही वेळा सारखेच राहते व वजाबाकीत निघून जाते. उरतो तो बदल. यात एक खोच आहे. दुसऱ्या खेपेस माणूस तो खेळ शिकलेला असल्याने अधिक गुण मिळवितो, आणि खरी घसरण त्या सरावाखाली झाकली जाते. म्हणून पहिले दोन-तीन प्रयत्न केवळ ओळखीसाठी ठेवावेत, त्यांचे गुण धरू नयेत. एक वर्षभर आसपासच्या खेड्यांतील निरोगी, निरक्षर वृद्धांकडून ते यंत्र हाताळून घ्यावे, कोणता प्रश्न रोगामुळे अडतो आणि कोणता अपरिचयामुळे, हे वेगळे काढावे, आणि मगच संशयाची रेषा आखावी. जबलपुरातच वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. हे काम त्या शहराच्या आवाक्याबाहेरचे नाही.

संशय खरा ठरल्यावर पुढे काय, याचे उत्तर गोव्यात एकदा देऊन झाले आहे. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तेथे 81 कुटुंबांत एक प्रयोग केला व 2008 साली तो प्रसिद्ध केला. स्थानिक लोकांतून निवडून शिकविलेले सल्लागार सहा महिने निदान पंधरवड्यातून एकदा रुग्णाच्या घरी जात. रोग म्हणजे काय हे ते समजावून देत, चिडलेल्या किंवा भटकणाऱ्या माणसाला कसे सांभाळावे हे दाखवीत, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत. या भेटींमुळे, सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांच्या मनावरील ताण कमी झाल्याचे दिसून आले. सांभाळ करणारी व्यक्ती बहुधा घरातील स्त्री असते. अम्माच्या घरी ती तिची सून आहे. सकाळी शेतात शेंगा तोडून दुपारी परत येईपर्यंत अम्मा घरी एकटी असते, आणि ती दार उघडे टाकून स्टेशनाच्या रस्त्याने निघून जाऊ लागली आहे की नाही, हे शेजारणीला विचारल्यावर कळते.